हरवलं असं लिहिणारा हात

बेल वाजवली की तो दोन पावलं मागे सरकायचा. दाराच्या भिंगातून माणूस अख्खा दिसला पाहिजे, नुसती पोलिसाची टोपी नाही, असं त्याचं म्हणणं.

दार उघडलं की टोपी काखेत.

पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायचा. वस्तीत कुणाकडे घोटभर चहाही घेतला नाही.

खुर्चीत बसला की त्याचा उजवा गुडघा हलायला लागायचा. जेवताना बायको त्या गुडघ्यावर हात ठेवायची. हात काढला की पुन्हा सुरू.

दिवसाची कामं तो एका वहीत लिहायचा. काम झालं की पुढे निळ्या शाईची बरोबरची खूण. अर्धवट झालेल्या कामाला अर्धी खूण चालत नसे.

आणि कुणाचाही जबाब लिहिला, की सही घेण्याआधी तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवायचा. लोक वैतागायचे. "अहो, बरोबरच असणार. कुठं सही करू सांगा." तो पेन देत नसे. वाचून संपेपर्यंत पेन त्याच्या मुठीत असायचं.

बाकीच्या सवयी कधी लागल्या ते त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही. ही शेवटची मात्र एका ठरावीक दुपारी लागली. त्याला चौदा वर्षं झाली.

तेव्हा हवालदार ठाण्यात टेबलावर होता. येईल त्याची तक्रार लिहून घ्यायची, एवढंच काम. त्या दुपारी शिवणकाम करणारी एक बाई आली. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान तसंच होतं, काढायचं विसरली होती. रुमालात बांधून तिने एक कुलूप आणलं होतं. तोडलेलं.

"शिलाई मशीन चोरीला गेलं," ती म्हणाली. "माझं नाही. माझ्या जाऊबाईंचं. मला वापरायला दिलं होतं. मी दवाखान्यात गेले तेवढ्यात कुणी तरी कुलूप तोडलं."

त्याने कच्च्या कागदावर सगळं लिहून घेतलं. मग ठाण्याच्या साहेबांनी त्याला आत बोलावलं.

"या महिन्यात चोऱ्या किती झाल्या?"

"नऊ, साहेब."

"दहावी नको. वरून विचारतात. हरवलं लिही."

"साहेब, शिलाई मशीन हरवतं कसं?"

"ते तिला विचार," साहेब म्हणाले, आणि खोलीतले दोघं-तिघं हसले. तोही हसला. हे त्याने पुढे बायकोला सांगितलं, तेव्हा सगळ्यात हळू आवाजात हेच वाक्य सांगितलं होतं.

बाहेर येऊन त्याने लिहिलं, 'मशीन हरवले.' वाचून दाखवलं नाही. कागद पुढे सरकवला, बोट ठेवून जागा दाखवली. बाईने विश्वासाने सही केली. रुमाल गुंडाळून कुलूप परत नेलं.

तीन दिवसांनी तिने तक्रारीची नक्कल आपल्या मोठ्या दिरापुढे, जाऊबाईंच्या नवऱ्यापुढे ठेवली. त्याने वाचली. "हरवलं? म्हणजे विकलंस. आणि वर पोलिसांनाही फिरवलंस."

दुसऱ्या मजल्यावर दोघी जावांची दारं समोरासमोर होती. मध्ये चार पावलांचा बोळ. त्या दिवशी समोरचं दार बंद झालं ते झालंच. दीर पुढे वारला, तेव्हाही शिवणबाईला आत कुणी घेतलं नाही. ती बोळात उभी राहिली आणि तिथूनच परतली.

हवालदाराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याची बदली झाली, मग आणखी दोन बदल्या. तीन वर्षांपूर्वी तो पुन्हा त्याच ठाण्यात आला. तोवर वारं बदललं होतं. नवा नियम असा की, एकेका पोलिसाकडे एकेक वस्ती. महिन्यातून एकदा प्रत्येक दार वाजवायचं. गुन्हा घडल्यावर नाही, त्याच्या आधी. लोकांची एक समिती करायची, तिच्यासमोर बसायचं, ऐकून घ्यायचं. त्याच्या वाट्याला नेमकी शिवणबाईची गल्ली आली.

दुसऱ्या मजल्यावर त्याने बेल वाजवली आणि दोन पावलं मागे सरकला. दार उघडलं. बाईचे केस पिकले होते. अंगुस्तान तेच.

"या, हवालदारसाहेब," ती म्हणाली. "आज काय हरवलंय?"

त्याने तिला ओळखलं नाही. तिने ड्रॉवर उघडून कुलूप दाखवलं, तेव्हा ओळखलं.

त्या दिवशी त्याने उरलेली सगळी गल्ली एका दमात केली. पाय थांबेचनात. घरी येऊन बूटही न काढता खिडकी ते दार, दार ते खिडकी अशा फेऱ्या घालत राहिला. बायको म्हणाली, "अहो, फरशी झिजेल." मग त्याने तिला सगळं सांगितलं.

पुढची अडीच वर्षं तो दर महिन्याला ते दार वाजवत होता. ती दर महिन्याला तेच विचारायची. एकदा तो आजारी होता, बदली शिपाई गेला. तिने त्याला विचारलं, "तुमचे हवालदार कुठं हरवले?"

पंचाईत अशी की, गल्ली शिवणबाईच्या शब्दाबाहेर नव्हती. निम्म्या गल्लीचे कपडे तिच्याकडे, आणि मापं घेताना माणूस सगळं बोलतो. समितीची पहिली बैठक शाळेत भरली. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. अकरा माणसं आली. दुसरीला सात. तिसऱ्या बैठकीला नव्या अधिकारी मॅडम स्वतः आल्या. वयाने हवालदाराच्या मुलीएवढ्या. त्यांनी विचारलं, "लोक का येत नाहीत?"

मागच्या रांगेतून शिवणबाई उठली. "मॅडम, आम्ही येऊन सांगायचं आणि यांनी लिहायचं, असंच ना? मग यांना विचारा, हे काय लिहितात."

लोक हसले. हवालदाराच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याचा गुडघा इतका हलत होता की शेजारची रिकामी खुर्ची वाजत होती.

बैठक संपल्यावर मॅडमनी त्याला थांबवलं. "काका, काय प्रकार आहे?"

हात झटकता आले असते. जुनं प्रकरण आहे, बाई जरा फटकळ आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याने जसं घडलं तसं सांगितलं. हसल्याचंही सांगितलं.

मॅडमनी त्याला शेजारच्या खुर्चीत बसवलं. मग म्हणाल्या, "एक आदेश निघालाय. अशा जुन्या नोंदी दुरुस्त करता येतात. पण ज्याने लिहिलं त्याने स्वतः जबाब द्यायचा. आपल्या हाताने लिहून, सही करून. मुदत या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत आहे."

"मग बाईंना कागद मिळेल? चोरी म्हणून?"

"मिळेल. शिक्क्यासकट. पण काका, तुमची चौकशी लागू शकते. निवृत्तीला किती राहिलेत?"

"सात महिने."

"विचार करा," मॅडम म्हणाल्या.

बायकोने विचार एका वाक्यात संपवला. "सात महिने राहिलेत, आणि आता आपणहून विस्तवावर पाय ठेवणार?" मग दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यापुढे कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. "लिहा एकदाचं. तुमच्या त्या गुडघ्याने माझी झोप घालवलीय."

त्याने पहिला खर्डा लिहिला. त्यात जुन्या साहेबांचं नाव पाच वेळा आलं. तो त्याने फाडला. दुसऱ्यात तीन वेळा. पानभर लिहायचा, उठायचा, पाणी प्यायचा, अंगणात जाऊन यायचा. बायकोला वाचून दाखवायचा. ती म्हणायची, "यात तुम्ही कुठं आहात? सगळीकडे साहेबच आहेत."

सहाव्या खर्ड्यात साहेब एकदाच होते. 'साहेबांनी सांगितले. मी लिहिले. मशीन हरवलेले नाही, ते चोरीस गेले होते, हे मला लिहिताना माहीत होते. तोडलेले कुलूप मी पाहिले होते. तक्रारदार बाईंना मी वाचून दाखवले नाही. लिहिणारा हात माझा होता.'

"आता बरोबर," बायको म्हणाली. "करा सही."

"आधी बाईंना वाचून दाखवतो."

"अहो, हा तुमचा जबाब आहे. त्यांचा नाही."

"त्यांच्याबद्दल आहे ना?"

मॅडमनीही हेच सांगून पाहिलं. काका, सही करा, जमा करा, मग हवं तितकं वाचा. त्याने मान हलवली. मॅडमना वाटलं, हो म्हणाला. तो नाही म्हणाला होता.

शनिवारी, अठ्ठावीस तारखेला, सकाळी साडेदहाला त्याने दुसऱ्या मजल्यावरची बेल वाजवली. दोन पावलं मागे सरकला. आतून मशीनचा आवाज येत होता. आवाज थांबला आणि दार उघडलं.

"आज काय हर..." ती बोलता बोलता थांबली. त्याच्या हातात कागद होता आणि टोपी आधीच काखेत होती.

"बाई, तुमच्या मशीनचा जबाब लिहिलाय. चोरी म्हणून. तुम्हाला वाचून दाखवायचाय, मग सही करतो. दहा मिनिटं लागतील."

तिने कागदाकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. तिच्यामागे खोलीभर पांढऱ्या शर्टांचे ढीग होते, शाळेचे, बिनकॉलरचे.

"दहा मिनिटांत माझ्या चार कॉलर होतात," ती म्हणाली. "साठ शर्ट सोमवारी सकाळी शाळेत पोचवायचेत. चौदा वर्षं मी थांबले. दोन दिवस तुम्ही थांबा."

"सोमवारी तीस तारीख आहे. शेवटचा दिवस."

"मग सोमवारी या. दहाला. मला घाईघाईत ऐकायचं नाही. हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायचंय." तिने समोरच्या बंद दाराकडे हनुवटी वळवली. "आणि बोळात उभं राहून वाचा. मोठ्याने. तिकडे ऐकू गेलं पाहिजे."

"वाचतो," तो म्हणाला.

"आवाज आहे ना तेवढा? का तोही हरवलाय?"

हवालदार हसला. दार बंद झालं. तो जिना उतरला, खालपर्यंत गेला, पुन्हा वर आला. बेलपर्यंत हात नेला. आत मशीन चालू झालं होतं. त्याने हात खाली घेतला. शेजारच्या घरातल्या मुलीने हे पाहिलं, म्हणून माहीत आहे.

घरी गेल्यावर त्याने बायकोला दोनदा वाचून ऐकवलं. आवाज बोळात कसा लागेल, म्हणून स्वतः मागच्या दारात उभं राहून तो ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोला वाचून दाखवत होता. "ऐकू येतंय?" "येतंय." "आणि आता?" "अहो, गल्लीला येतंय."

रविवारी सकाळी तो मागच्या पायरीवर बसून बुटांना पॉलिश करत होता. बायको आत होती. ब्रशचा आवाज थांबला. तिला वाटलं, दुसरा बूट घ्यायला थांबला असेल. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. तो भिंतीला टेकलेला होता. गुडघा हलत नव्हता. त्यावरूनच कळलं, असं ती सांगते.

सोमवारी शाळेत साठ शर्ट गेले नाहीत. बातमी गल्लीत रविवारीच पोचली होती. शिवणबाईने दिवसभर दार उघडं ठेवलं होतं.

मॅडमनी जबाब वर पाठवून पाहिला. अक्षर त्याचंच, मजकूर त्याचाच, घरात साक्षीला बायको. उत्तर एका ओळीत आलं. सही नसलेला जबाब ग्राह्य धरता येत नाही. मुदतही टळली आहे.

पंधरा दिवसांनी त्याची बायको कागद घेऊन गल्लीत आली. दुसऱ्या मजल्यावर चढली. बेल वाजवून तिथेच उभी राहिली. दार उघडलं. दोघी एकमेकींना पहिल्यांदाच पाहत होत्या, पण सांगावं लागलं नाही.

"वाचू का?" बायको म्हणाली. "याचा आता उपयोग नाही. पण त्यांनी मला पाठ होईपर्यंत ऐकवलंय."

शिवणबाई चष्मा काढून बोळात येऊन उभी राहिली. तिने अंगुस्तान काढून मुठीत धरलं.

बायकोने वाचलं. आवाज फार मोठा नव्हता. समोरच्या घरात रेडिओ चालू होता. चौथ्या ओळीला तो बारीक झाला. 'कुलूप मी पाहिले होते'ला बंद झाला. दार उघडलं नाही. दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली आली आणि वाचन संपेपर्यंत तिथेच राहिली.

"मीच म्हटलं, सोमवारी या," शिवणबाई म्हणाली.

बायकोने पिशवीतून त्याची वही काढली आणि शेवटचं लिहिलेलं पान उघडून शिवणबाईच्या हातात दिलं. शनिवारच्या पाच कामांपुढे निळ्या खुणा होत्या. रविवार कोरा होता. त्याखाली लिहिलं होतं:

'सोमवार. सकाळी १०. शिवणबाई. बोळात उभे राहून, मोठ्याने. मग सही.'

पुढे खूण नव्हती.