सारवलेल्या खळ्यावरचा मुक्काम

सायकलवरून लांब जाऊन तंबूत राहायचं वेड माझ्या नवऱ्याचं. तो मुंबईत वाढलेला. सिल्वासाला बदली झाल्यावर मोकळे रस्ते पाहून त्यानं गिअरच्या दोन सायकली घेतल्या, एक माझ्यासाठी. मी शाळेत शिकवते आणि सुट्टीत घरी लोळत पडायला मला आवडतं. तरी मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला हो म्हटलं.

पहाटे निघालो. खानवेलपर्यंत बरं गेलं. पुढे दुधनीच्या रस्त्याला चढ लागले आणि मी जास्त वेळ सायकल ढकलतच चालले. तिथे धरणाच्या पाण्याकाठी मुक्काम करायचं ठरलं होतं. पोचलो तर तिथे सहलीच्या गाड्या उभ्या आणि स्पीकर सुरू. नवरा म्हणाला, "इथे काही झोप लागायची नाही. मागे फिरू. खेरडीकडे शेतं आहेत, तिथे शांत असेल." मी मान हलवली. अंगात त्राण नव्हतं.

खेरडीच्या अलीकडे दिवस मावळला. भात कापून झालेलं, बांधाकडेला भारे रचलेले. रस्त्यापासून थोडी आत एक सपाट, गुळगुळीत जागा दिसली. जवळपास घर नव्हतं. नवऱ्यानं दोन-चार हाका मारल्या, पण कुणी ओ दिली नाही.

"काय जागा आहे बघ. एक खडा नाही," तो म्हणाला आणि तंबू उलगडायला बसला.

मी बूट काढून पाय टेकवले आणि मला कळलं. गार, जराशी दमट जमीन, शेणाचा वास. ते खळं होतं. भात झोडण्यासाठी कुणीतरी माती भिजवून, चोपून, वर सारवून तयार केलेलं. माहेरी, रत्नागिरीकडे, मी लहानपणी आईबरोबर असंच खळं सारवलेलं आहे. त्यावर कोणी चपला घालून गेलं तर आई दिवसभर बोलायची नाही त्याच्याशी.

सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर सगळं परत बांधून अंधारात दुसरी जागा शोधावी लागली असती, आणि माझ्या मांड्या थरथरत होत्या. सकाळी लवकर उठू, कुणी यायच्या आत निघू, असं मी मनाशी म्हटलं. मग दगड घेतला आणि तंबूच्या लोखंडी खुंट्या मीच ठोकल्या. प्रत्येक खुंटीभोवती सारवणाच्या खपल्या उडत होत्या. मी दुसरीकडे बघत ठोकत राहिले.

लवकर जाग आलीच नाही. उजाडल्यावर बाहेरून एका बाईचा आवाज आला. "आत कोण आहे?"

साठीच्या पुढची बाई होती, मागे तिची सून आणि झोडणीला मदतीला आलेले शेजारी. वारली बोलत होती ती. शाळेतल्या मुलांमुळे ती बोली मला कळते. तिची नजर खुंट्यांवरून फिरली, मग सायकलींच्या चाकांनी पडलेल्या चरांवरून.

"मावशी, माफ करा," नवरा हात जोडून म्हणाला. "आम्हाला माहीतच नव्हतं. आम्ही शहरातली माणसं."

ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही कुठच्या?"

"कोकणातली."

"तिकडे भात होतं ना?"

"होतं."

"मग खळी करत नाहीत?"

"करतात," मी म्हटलं.

नवऱ्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होते.

म्हातारीनं शेजाऱ्यांना सांगितलं, खळं पुन्हा सारवून वाळेपर्यंत झोडणी होणार नाही, आज घरी जा. ते कामं सोडून आलेले लोक परत गेले. तिनं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी सारवून देते," मी म्हटलं.

"ते तर करावंच लागेल," ती म्हणाली.

खुंट्या उपटताना मातीची ढेकळंच वर आली. सुनेनं माती आणि शेण आणलं, नवऱ्यानं पाणी वाहिलं. भोकं बुजवून, चोपून मी सारवायला बसले. इतक्या वर्षांनीही हात आपोआप फिरायला लागला. तो अडखळला असता तर बरं, असं वाटत राहिलं. एके ठिकाणी थर पातळ पडला होता. म्हातारी आली, तिनं तेवढं पुन्हा सारवलं आणि परत जाऊन बसली.

निघताना ती एवढंच म्हणाली, "ऊन वाढलं. जा आता."

एरवी नवरा चढ संपला की माझ्यासाठी थांबतो. त्या दिवशी थांबला नाही. सिल्वासाजवळ चहाच्या टपरीवर त्यानं विचारलं, "काल तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"पाय दुखत होते."

त्यानं चहा संपवला. पुन्हा कधी हा विषय त्यानं माझ्याकडे काढला नाही. पण घरी त्याच्या ऑफिसातले लोक आले की सहलीची गोष्ट निघते, आणि तो हसत सांगतो, "अंधारात खळ्यावरच तंबू ठोकला हो. दोघांनाही कळलंच नाही." तो माझ्याकडे न बघता हे सांगतो. मी कप उचलते आणि आत जाते.