भावोजींच्या गळ्याचा नकाशा

हॉस्पिटलच्या तळघरात एक खोली आहे. तिला खिडकी नाही, म्हणून कुणीतरी भिंतीवर समुद्राचं मोठं चित्र चिकटवलं होतं. त्या समुद्राकडे पाठ करून ती वर्षानुवर्षं बसत आली होती. पेशंटांचे नातेवाईक तिला 'नकाशावाल्या बाई' म्हणायचे. कुणी कामाबद्दल विचारलं की ती सांगायचीच तसं: "गाठ कुठे आहे ते डॉक्टर दाखवतात. मी किरणांना वाट आखून देते. गाठीवर पुरेपूर पडलं पाहिजे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना झळ लागता कामा नये."

शेजारीपाजारी म्हणजे मणका, डोळे, फुप्फुस, लाळेच्या ग्रंथी. त्यातही गळ्याला किरणांचा शेक द्यायचा म्हटलं की कपाळाला आठ्या पडायच्या. तिथे सगळी बिऱ्हाडं एकमेकांना खेटून. एकाला वाचवायला जावं तर दुसऱ्याच्या अंगावर येतं. पडद्यावर किरण इकडून सोड, तिकडून वळव, कोपरा जरा झाक, पुन्हा हिशेब लाव, असं करत करत एकेका गळ्यात दोन-दोन दिवस जायचे. संध्याकाळी मान लाकडासारखी होई. नवरा म्हणायचा, "तू घरी येतेस खरी, पण मान तिथेच विसरून येतेस."

मग एके दिवशी नकाशे आपोआप काढणारी यंत्रणा आली. जुने शेकडो नकाशे त्या यंत्रणेला खाऊ घातले होते, त्यात बाईंचेही होते. पेशंटचा स्कॅन आणि डॉक्टरांच्या खुणा दिल्या की चहा निवायच्या आत नकाशा तयार. विभागाचे प्रमुख, म्हणजे साहेब, खुशीत म्हणाले, "सुटली बघा तुमची मान!"

तिला राग वगैरे आला नाही. राग यायलाही अंगात जोर लागतो. उलट पहिले काही दिवस तिला बरंच वाटलं. पण नकाशे झटपट व्हायला लागले तसे पेशंटही झटपट आत यायला लागले. पूर्वी ती नकाशे काढायची, आता यंत्राने काढलेले तपासायची. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. आणि चूक काही सापडायची नाही. क्वचित कधीतरी एखादी, तीही बारीकशी. ज्या घरात चोर येत नाही त्या घराची राखण करावी, तसं ते काम होतं. झोपताही येत नाही आणि जागून हाती काही लागत नाही. आपण मान डोलावणारा नंदीबैल झालो, असं तिच्या मनात यायचं, आणि मग वाटायचं, डोलावतेय तर डोलावू दे, दुखते तरी कमी. पण दुखणं कमी झालंच नव्हतं.

याच सुमाराला थोरल्या बहिणीचा फोन आला. भावोजींचा आवाज बसला होता तो उठेचना. भावोजी बस डेपोत गाड्या पुकारायचे. कर्णा बंद पडला तरी त्यांचं काही अडायचं नाही, असा त्यांचा गळा. ताई म्हणायची, "ह्यांनी घरात मीठ मागितलं तरी शेजारीण घेऊन येते." त्या गळ्यात गाठ निघाली. तिच्याच विभागातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात, शेकाने बरं व्हायची आशा चांगली आहे.

ताईने बाहेरच्या बाकांपाशी तिचा दंड धरला. "हे बघ, ते मशीन-बिशीन मला सांगू नकोस. ह्यांचा नकाशा तू काढायचास. तुझ्या हाताने."

"ताई, मशीन वाईट नाही गं."

"परक्यांसाठी जन्मभर डोळे फोडलेस. घरच्या माणसाच्या वेळेला बटण दाबणार?"

तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काढा. पण मशीनचाही काढा, आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवा."

रोजचं तपासणं संपवून उरलेल्या वेळात ती भावोजींच्या गळ्याला भिडली. किती दिवसांनी हात असा चालत होता! थकवा होताच, पण हा ओळखीचा थकवा होता, दिवसभर चालून आल्यासारखा. मणका सांभाळला, गिळायचे स्नायू सांभाळले. नकाशा देखणा उतरला. मग तिने शेजारी यंत्राचा उघडला.

गाठीवर दोघांचं सारखंच पडत होतं. मणक्यालाही दोघांचं सारखंच. पण डावीकडच्या लाळेच्या ग्रंथीवर यंत्राने तिच्यापेक्षा बरंच कमी पडू दिलं होतं. ती पुन्हा बसली. ग्रंथी वाचवायला गेली तर जबड्यावर चढलं. जबडा उतरवला तर गाठीची कड उघडी पडली. आणखी एक दिवस तिने झुंज दिली. यंत्राने ते कसं साधलं, ते तिला दिसत होतं, पण हाताला येत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही निरखून पाहिले. "तुमचाही चांगला आहे. चालेल. कुठला घेऊ?"

"मशीनचा घ्या," ती म्हणाली. "माणसाला पुढे वर्षानुवर्षं घास गिळायचाय."

हे बोलताना तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. फक्त खुर्चीवरून उठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

ताईला तिने एवढंच सांगितलं की मशीनचा नकाशा घेतला, तोच बरा होता. आपण किती बसलो, कुठे अडलो, ते काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून ताई रोज भावोजींना घेऊन यायची, बाकावर बसायची, आणि बहीण जिन्यावरून उतरताना दिसली की भिंतीकडे तोंड करायची.

शेक देताना भावोजींच्या चेहऱ्यावर रोज एक जाळीदार मुखवटा घट्ट बसवायचे, म्हणजे डोकं हलू नये. पुढे पुढे गळ्याची कातडी भाजल्यासारखी झाली, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. पण माणूस वात्रट तो वात्रटच. एकदा तिला गाठून कुजबुजत्या आवाजात म्हणाले, "मेहुणीबाई, मला बोलता येत नाही, आणि तुझी बहीण बोलत नाही. शेजाऱ्यांना वाटतंय, आम्ही घर विकून गेलो."

ती हसली, आणि हसता हसता तिथेच भिंतीला टेकली. भावोजींनी जाऊन बायकोला काय सांगितलं कुणास ठाऊक. दोन-चार दिवसांनी ताई तळघरातल्या त्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात भावोजींची पिशवी, चेहरा घट्ट.

"दाखव."

तिने दोन्ही नकाशे पडद्यावर शेजारी शेजारी लावले. गाठीभोवती लाल, मग पिवळा, दूरवर निळा. ताई चष्मा पुसून वाकली.

"निळा म्हणजे झळ कमी?"

"हो."

"मग इकडे निळा जास्त आहे. हा मशीनचा?"

"हो."

"आणि हा?"

"माझा."

ताई वळून तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे बसली होतीस तू?"

"तीन दिवस."

"अगं मग बोलली का नाहीस? मला वाटलं, हातच लावला नाहीस."

"हरले होते गं. त्यात सांगायचं काय?"

ताईने पिशवी खाली ठेवली आणि शेजारची खुर्ची ओढली. मग ताईने विचारलं, "आता तुझं काम काय मग?"

"हो म्हणायचं."

"नुसतं हो म्हणून एवढी दमतेस? तोंड बघ तुझं, वाळल्या पानासारखं झालंय."

"हो म्हणायच्या आधी दर वेळी 'नाही' शोधावं लागतं, ताई. सापडत नाही. पण पुढच्या पेशंटच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. दुपारनंतर मला नीट दिसतच नाही. डोळे उघडे असतात, एवढंच."

"हे साहेबांना सांगितलंस?"

"नाही."

"मूग गिळून बस अशीच. उद्या कुणाच्या तरी भावोजींचा नकाशा दुपारनंतर यायचा."

हे लागलं. भावोजींचे शेक संपले, त्यानंतरच्या एका रविवारी ती ताईकडे गेली, जेवली आणि बसल्या जागी झोपली. उठली तर दिवस कलला होता आणि अंगावर ताईची शाल होती. दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली.

"दुपारनंतर माझा माझ्यावरच भरवसा नाही," ती म्हणाली. "दुसरं कुणीतरी द्या, नाहीतर पेशंट कमी घ्या."

साहेब चाट पडले. "अहो, पण मशीन चुकतंय कुठे?"

"म्हणूनच तर. ते चुकेल तेव्हा मी बघत असेन, असं मला वाटत नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. पण वरून त्यांच्याही मानेवर कुणीतरी बसलेलं होतं. बरीच घासाघीस होऊन आठवड्यातल्या तीन दुपारी दुसऱ्या विभागातली एक तपासनीस मिळाली. उरलेल्या दुपारी पहिल्यासारख्याच राहिल्या. पेशंट काही कमी झाले नाहीत.

भावोजींची गाठ पुढच्या तपासणीत दिसली नाही. तोंडाला लाळ सुटते, घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरतो. आवाज मात्र पूर्वीचा आला नाही, तेव्हा डेपोने त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. लोक काचेला कान लावून उभे राहतात. भावोजी म्हणतात, इतकं लक्ष देऊन मला कुणी कधी ऐकलं नव्हतं.

ती अजून त्या समुद्राकडे पाठ करून बसते. ज्या दुपारी तपासनीस असते, त्या दुपारी ती वरच्या मजल्यावर जाऊन खऱ्या खिडकीपाशी थोडा वेळ डोळे मिटून उभी राहते. बाकीच्या दुपारी तोंडावर गार पाणी मारते, खुर्ची पुढे ओढते आणि पडद्यावर कुणाचा तरी गळा उघडते.