झुंबरआत्याचा मंगळवार

चैतालीला दवाखान्यापेक्षा फोनचा जास्त वैताग आला होता.

सासऱ्यांच्या, म्हणजे चिमाजीआबांच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी शेक, म्हणजे रेडिएशन, सांगितले. शेक द्यायचं मशीन नाशिकला. विंचूरहून एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडायचा, आणि शनिवार-रविवार सोडला तर रोज जायचं. नवरा नवनाथ कंपनीत. त्याची रजा पहिल्याच आठवड्यात संपली. मग मुलीचा शाळेचा डबा, आबांची पातळ पेज, सगळं उरकून चैतालीच निघायची.

एवढं जमत होतं. जमत नव्हते ते चौकशीचे फोन. गाडीत पाय ठेवायला जागा नसताना मावससासूचा फोन यायचा, ऐन नंबर लागायच्या वेळी मामेदिराचा. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, आणि प्रत्येकाकडे एकेक उपाय. सगळ्यांत पुढे झुंबरआत्या, चिमाजींची थोरली बहीण. राहायची गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, पण बोलायची फोनवरच. शेकाने माणूस आतून जळतो, वणीकडे एक जण झाडपाला देतो त्याने गाठ विरघळते, पण सुनेला कुठं एवढी पर्वा, असं ती चैतालीला तर ऐकवायचीच, वर गावभर सांगायची.

एका सोमवारी दुपारपर्यंत बसवून ठेवून दवाखान्यातल्या माणसाने सांगितलं, मशीन बंद पडलंय, उद्या या. सकाळीच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं चैतालीने विचारलं, तर तो दुसऱ्याच पेशंटशी बोलायला लागला. शेकाने आबांच्या मानेवरची कातडी काळी पडून सोलायला लागली होती. त्यावर सुती फडकं धरून ते भर उन्हातून स्टँडपर्यंत चालले. तेवढ्यात आत्याचा फोन. मशीन बंद पडलं हा देवाचाच इशारा, आता तरी वणीला चला म्हणे.

चैतालीच्या डोक्यात सणक गेली.

"आत्या, फोनवर लय ऐकलं. उद्या पहिल्या गाडीला तुमी बी चला. वणीचं काय ते डॉक्टरांनाच सांगा."

तिला वाटलं, म्हातारी रुसेल आणि निदान चार दिवस शांततेत जातील. कुठलं काय! सकाळी झुंबरआत्या ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवीत भाकरी-ठेचा बांधून स्टँडवर हजर. भावाला साधा भात गिळवत नाही हे चैतालीने तिला हजारदा सांगितलं होतं.

निफाड यायच्या आत आत्याला मळमळायला लागलं. आबांनी खिडकीची जागा तिला दिली. दवाखान्यात या मजल्यावरून त्या मजल्यावर, तिथून परत खाली. चैताली मुद्दामच काही समजावत बसली नाही. आत्या उठून नंबर लावायच्या खिडकीतल्या माणसाशी भांडली, येऊन बसली, परत जाऊन भांडली. नंबर काही पुढे सरकला नाही.

शेवटी नाव पुकारलं. आतल्या खोलीत चिमाजींच्या तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवायचे, मान हलू नये म्हणून. त्याची त्यांना फार धास्ती. दारात ते थबकले, मागे वळले. आत्या लगबगीने पुढे झाली, पण ते तिच्याकडे बघत नव्हते.

"हितंच हाय मी, आबा," चैताली म्हणाली. "कुठं जात नाय."

मग ते आत गेले.

आत्या बाकावर बसली. बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"रोज असा बघतो व्हय तो?"

"रोज."

वणीचं विचारायचं राहिलं ना, असं चैतालीने खवटपणे म्हणून घेतलं. परतीच्या गाडीत मावससासूचा फोन आला तेव्हा आत्याने तो चैतालीच्या हातातून घेतला, शेक चालू आहेत, गुण आला की कळवू, रोज विचारायचं कारण नाही, एवढं सुनावलं आणि ठेवून दिला.

त्यानंतर मंगळवार झुंबरआत्याने घेतला. दोघं भावंडं गाडीत बसली की चैताली घरी येऊन दार ओढून घ्यायची आणि भर सकाळी आडवी व्हायची.

शेक संपले. गाठ बरीच आटली, पण तपासणीला येत राहा, असं डॉक्टर म्हणाले. तपासणीला मीच नेणार, त्या खिडकीवर कसं बोलायचं ते तुला जमत नाही, असं आत्याने परस्पर ठरवूनही टाकलं. त्या खिडकीशी रोज उभी राहिलेली चैताली एकदा उत्तर द्यायला निघाली होती. मग म्हणाली, "न्या."