कुंकू लागलेला कागद

"तू लांबूनच पूजा कर हं. काट्याला कुंकू लागलं तर आकडे पुसले जातील."

दादा वहिनीला म्हणाला. दसऱ्याचा दिवस होता. आमच्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये नवा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आला होता, त्याला झेंडूचा हार घातलेला. मजूर हसले. नानाही मिशीत हसले. नाना म्हणजे माझे वडील, त्यांना घरात सगळे नानाच म्हणतात. वहिनीसुद्धा हसली. मग तिने ताट दादाच्या हातात दिलं आणि मागे येऊन माझ्याशेजारी उभी राहिली.

मी हसले का? आठवत नाही, असं लिहायचं मनात होतं. पण आठवतं. हसले.

त्या विनोदाच्या मुळाशी काय आहे हे शेडमध्ये एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस मी. मैत्रिणीला सांगितलं नाही, डायरीतही लिहिलं नाही. नंतर एकदा तोंड उघडलं, पण तेव्हा जे बोलले ते चार वाक्यांचं होतं. हे सगळं त्यात नव्हतं. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण मग मी पुन्हा एकदा इंग्रजीच्या आड लपले असते, नाही का?

लपण्याची ती जागा मला लहानपणीच मिळाली. घरात इंग्रजी माध्यमात शिकलेली मी एकटी. विम्याचं पत्र, औषधाच्या डबीतला कागद, पंपाचं माहितीपुस्तक — सगळं माझ्यासमोर यायचं. मी वाचायचे आणि सांगायचे. काही वेळा कळलेलं नसायचं, तरी सांगायचे. मी एरवी फारशी बोलत नाही, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते. पण हातात इंग्रजी कागद असला की घर माझ्यासाठी गप्प बसायचं. ते मला आवडायचं. हे आधी कबूल करायला हवं.

अडीच वर्षांपूर्वी दादाच्या पुण्यातल्या मित्राने त्याला क्रिप्टोचं वेड लावलं. मित्राचं म्हणणं होतं, दुसऱ्याच्या ॲपवर ठेवू नकोस, स्वतःचं वॉलेट घे, किल्ली आपल्याकडे असलेली बरी. त्याने तीन वॉलेटची नावं पाठवली. निवडायचं काम माझ्याकडे आलं. दोन संध्याकाळी मी लोकांची मतं वाचत बसले, निम्मी डोक्यावरून गेली. शेवटी एक निवडलं. का? त्याच्या चिन्हावर निळी ढाल होती, आणि ढाल बघून बरं वाटत होतं. दादाला मात्र सांगितलं, "सगळ्यात सेफ हेच आहे."

रविवारी जेवणं झाल्यावर सगळे माझ्याभोवती बसले. फोन दादाचा, बोटं माझी. दोन-तीन पायऱ्या झाल्या आणि स्क्रीनवर बारा इंग्रजी शब्द आले. अगदी साधे, पहिलीच्या पुस्तकात शोभतील असे, एकमेकांशी काही संबंध नसलेले. खाली सूचना होती — हे शब्द याच क्रमाने कागदावर लिहून ठेवा, कुणाला दाखवू नका. त्याच्याही खाली, बारीक अक्षरात — नंतर करा.

मला काही कळलं नाही. पैशाच्या कामात असले शब्द कशाला? आणि कुणाला दाखवू नका म्हणजे काय, इथे तर तीन डोकी माझ्या खांद्यावरून वाकलेली.

तेवढ्यात वहिनीने विचारलं, "ताई, या बारा शब्द कसाले शेतस वं?"

वहिनी सोनगीरची. नानांसमोर ती जपून शुद्ध बोलते, पण कुतूहल वाटलं की तिची अहिराणी निसटते. हे शब्द कशासाठी आहेत, हा प्रश्न अचूक होता. तिथे विचारण्यासारखा तेवढा एकच प्रश्न होता, आणि तो तिने विचारला.

मी मान वर न करता म्हणाले, "वहिनी, ते तुम्हाला नाही कळायचं."

आणि 'नंतर करा' दाबलं.

पुढे वॉलेटचा लांबलचक पत्ता आला, अक्षरं आणि आकड्यांची नुसती माळ. नानांनी चष्मा लावला. "हा पत्ता? यात पिनकोड कुठाय?"

"नाना, इथं पोस्टमन नाही यायचा," दादा म्हणाला, आणि सगळे हसले.

मी तो पत्ता कोऱ्या कागदावर सुरेख अक्षरात उतरवला. दादाने विचारलं, "हा कागद जपून ठेवायचा ना?" मी हो म्हणाले. वहिनी उठून देवघरातून कुंकू घेऊन आली. घरात काही नवं आलं की तिच्या हातचं कुंकू लागायचंच — मिक्सर असो, दुचाकी असो, माझं बारावीचं गुणपत्रक असो. ओल्या बोटाचा टिळा शेवटच्या ओळीवर पडला. कागद कपाटाच्या लॉकरमध्ये गेला, दागिन्यांच्या डबीखाली. त्यानंतर दादा दर महिन्याला थोडं थोडं टाकत राहिला. वहिनीचे ब्लाऊज शिवून आलेले पैसेही त्यातच गेले.

इथपर्यंत मी अडाणी होते. अडाणीपणाची लाज वाटते, पण त्याचा कबुलीजबाब कुणी लिहीत नाही. माझी चूक पुढे सुरू होते.

चार-पाच दिवसांनी मी नीट वाचलं आणि मला कळलं. पत्ता असतो तो दुसऱ्याने पैसे पाठवण्यासाठी. फोन गेला तर वॉलेट पुन्हा उघडायला ते बारा शब्दच लागतात, दुसरं काही चालत नाही. म्हणजे लॉकरमधल्या त्या कागदाचा काही उपयोग नव्हता. आणि खरी किल्ली कुठेच लिहिलेली नव्हती.

तेव्हा फोन चांगला चालू होता. ॲप उघडायचं, शब्द लिहायची आठवण करून देणाऱ्या वरच्या लाल पट्टीवर बोट ठेवायचं, बारा शब्द लिहून घ्यायचे. पाच मिनिटांचं काम. फक्त एवढं म्हणावं लागलं असतं, की त्या दिवशी मला समजलं नव्हतं. वहिनीसमोर म्हणावं लागलं असतं. मी आरशासमोर ते वाक्य म्हणून पाहिलं. मग उद्यावर टाकलं.

एकदा दादानेच विचारलं, "हे लाल लाल काय येतं गं वरती?"

"जाहिरात असते," मी म्हणाले.

असे चौदा महिने गेले. चौदा महिन्यांत पाच मिनिटं किती वेळा येतात?

मग पावसाळ्यात, शेडमध्ये केळीच्या फण्या धुवायच्या तुरटीच्या टाकीत दादाचा फोन पडला. वाकला आणि खिशातून सुटला. दुरुस्तीवाल्याने तीन दिवस ठेवून परत दिला, काही होणार नाही म्हणाला. नवा फोन आला. दादाने लॉकरमधून कागद काढला, दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे आणला. दमट हवेत कुंकू पसरलं होतं. शेवटची पाच-सहा अक्षरं लाल डागाखाली गेली होती.

नव्या फोनवर बारा रिकामे चौकोन दिसत होते. फोन माझ्या हातात होता, त्यामुळे ते फक्त मलाच दिसत होते.

मी म्हणाले, "कुंकवामुळे शेवटची अक्षरं वाचता येत नाहीत."

बघा — या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. ती अक्षरं खरंच वाचता येत नव्हती. पण तो पत्ता मीच दादाच्या मित्राला पाठवला होता, तो माझ्या फोनमध्ये अक्षरन् अक्षर होता. आणि वाचता आला असता तरी त्याने काहीच उघडणार नव्हतं. हे सगळं मला माहीत होतं, आणि मी ते वाक्य निवडलं. इतक्या विचारपूर्वक मी वॉलेटसुद्धा निवडलं नव्हतं.

"ताई, पण त्या बारा शब्द —" वहिनी हळूच म्हणाली.

दादाचा आवाज चढला. "तुला कुणी सांगितलं होतं नको तिथं कुंकू फासायला?"

ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कागदाची घडी घालत राहिले.

दादाने मित्राला फोन केला, किल्लीचा कागद खराब झाला म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग विसर आता. संपलं. राग काही दिवस टिकला, मग त्याचा विनोद झाला. राग ओसरतो तरी. विनोद दर नव्या वस्तूबरोबर पुन्हा येतो. मी पदवीचं प्रमाणपत्र घरी आणलं तेव्हा वहिनीने पदराला हात पुसले, कागद दोन कडांना धरून पाहिला, "छान आहे" म्हणाली आणि परत दिला. कुंकू आणलं नाही. मी वाट बघत होते, हे मला तेव्हा कळलं.

तरीही मी गप्प राहिले. ती हसते आहे ना, मग सोडून दिलं असेल, असं मी धरून चालले होते.

दिवाळीनंतर आम्ही सोनगीरला वहिनीच्या माहेरी गेलो. तिच्या भावाला वॉलेट काढायचं होतं. "ताई, दाजींचं तुम्हीच काढून दिलं होतं ना?" म्हणत त्याने फोन माझ्या हातात दिला. ओट्यावर बसून मी त्याला बारा शब्द वहीत लिहायला लावले, दोनदा तपासायला लावले. दादा शेजारी खाटेवर पडून बघत होता. पत्ता आला तशी वहिनीची आई कौतुकाने कुंकवाचा करंडा घेऊन आली.

वहिनीने तिचं मनगट धरलं. "माय, कुंकू नको लाऊ. मन्हा हाते एकदाव बठ्ठं गयं."

ती हसत नव्हती. आपल्याच हाताने सगळं गेलं, हे तिने खरं मानलं होतं. स्वतःच्या आईला ते सांगत होती.

"आता शहाणी झाली," दादा म्हणाला.

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"दादा, त्या कागदावर नुसता पत्ता होता. बारा शब्दांचं वहिनीने विचारलं होतं, ते मी लिहिलेच नाहीत. कुंकवाने काही गेलं नाही. माझ्यामुळे गेलं, आणि मला पहिल्यापासून माहीत होतं."