नरवेलाच्या शोधात: कर्जतहून इर्शाळच्या पायथ्याला

लढाई सुरू झाल्यापासून आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत विलायतेहून नमुने येणं बंद झालं होतं. स्पिरिटच्या बरण्या एकेक करून रिकाम्या होत होत्या आणि फुलांची रचना शिकवायला आमच्याकडे जास्वंद आणि धोतरा यांच्यापलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकतीच लागले होते. एके दिवशी सरांनी मला बोलावून सांगितलं, "विलायती नमुने हवेत कशाला? करटोली आणा. नरफुलं एका वेलावर, मादीफुलं दुसऱ्या वेलावर. दोन्ही वेल मुळासकट, गड्ड्यासकट हवेत."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर करटोली मी फक्त भाजीवाल्याच्या पाटीत आणि आईच्या कढईत पाहिलेली. वेल कधी पाहिला नव्हता. पण कर्जतला माझी आत्या राहते आणि श्रावण तोंडावर आला होता. चार दिवसांची रजा मागितली. ती पुढे सहा दिवसांची झाली, ते का ते सांगतेच.

मुंबईहून सकाळच्या पॅसेंजरने निघालात तर दुपारच्या जेवणाला कर्जतला पोचता. खिडकी डाव्या हाताची धरा. नेरळ सोडलं की माथेरानचा डोंगर उजवीकडे मागे राहतो आणि डावीकडे भाताची हिरवी खाचरं लांबवर दिसत राहतात. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिन लावतात, त्यामुळे गाडी बराच वेळ थांबते. सामान उतरवायला घाई करायचं कारण नाही.

आत्याचं घर उल्हास नदीच्या अलीकडे. तिने वालाचं बिरडं केलं होतं. माझं काम ऐकून ती म्हणाली, "अगं, मग चौककडच्या भागूबाईकडे जा. आम्हाला तांदूळ तीच आणून देते. यंदा घरामागे करटोलीचा मांडवच घातलाय तिनं. पण परवा आली तेव्हा रडत होती."

"का?"

"वेल फुललेत म्हणे, पण एक फळ धरत नाही."

दुसऱ्या दिवशी कर्जतहून चौकला निघाले. हल्ली पेट्रोलच्या टंचाईमुळे सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. मागच्या बाजूला उभी भट्टी बसवलेली असते आणि चढ आला की उतारूंना खाली उतरून चालावं लागतं. मी दोनदा उतरले. पांढरी साडी नेसून जाऊ नका एवढंच सांगते. चौकला मुंबई-पुण्याचा हमरस्ता लागतो. तिथे लष्करी लॉऱ्यांची रांग जात होती, ती संपेपर्यंत चहाच्या टपरीत बसून राहिले. तिथून भागूबाईचं गाव कोसभर आत. वाट बांधावरून जाते आणि समोर इर्शाळचा सुळका सतत दिसत असतो, म्हणून चुकायची भीती नाही.

भागूबाई चाळिशीच्या आतबाहेरची असेल. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. घरचं भात दीर धर्मा करतो. घरामागे उताराची, भाताला न लागणारी एक पट्टी आहे. तिला तिकडे वरकस म्हणतात. ती धर्माने यंदा वहिनीला दिली होती. तिने रानातून गड्डे आणून तिथे करटोली लावली, बांबूचा मांडव स्वतः बांधला. तिच्या एकटीच्या हातचं असं हे पहिलंच पीक.

मी पोचले तेव्हा भर दुपार होती. मांडवावर पानं दाट होती, पण फुलं सगळी मिटलेली, कोमेजलेली. खाली जमिनीवर पिवळी पडलेली बारीक करटोली गळून पडली होती, वाटाण्याएवढी.

धर्मा ओट्यावर पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं विणत बसला होता. तो काही वाईट माणूस नव्हे. सरळ बोलला. "नारळी पुनवेपातूर बघनार. मंग मांडव काडनार नि कुळीथ पेरनार. निस्ता फुलोरा घेऊन काय करायचाय, सांगा तुमी ताई."

भागूबाई तांब्या घेऊन आली. मला पाणी दिलं आणि आत गेली.

मी आत्मविश्वासाने सांगून टाकलं की भोपळ्याला आधी नरफुलं येतात, मग मादीफुलं, तेव्हा थोडा धीर धरा. पुस्तकात तसंच होतं; सरांनी सांगितलेले नर-मादीचे वेगवेगळे वेल त्या क्षणी आठवलेच नाहीत. भागूबाई दारातूनच म्हणाली, "ताई, ह्यो भोपला नाय. ह्याचं फूल सांजचं उमलतं. सांजपातूर थांबा, मंग बोला."

तिचं बरोबर होतं. सूर्य डोंगराआड गेला आणि मांडवावर एकेक पिवळं फूल उघडू लागलं. मंद, थोडा उग्रसा वास सुटला. मी वही काढून फूल न् फूल पाहत गेले. प्रत्येक फुलाच्या पाकळ्यांखाली काटेरी, इवलंसं करटोलं होतं. तेच त्याचं अंडाशय. ब्लेडच्या पात्याने एक उभं चिरलं तर आत बीजांडांच्या रांगा दिसल्या, दुधी आणि चमकदार. शेंड्यावर तीन भागांची चिकट कुक्षी होती. सगळं जागच्या जागी. फक्त पराग नव्हता. पुंकेसर असलेलं फूल मी शेवटच्या वेलापर्यंत शोधलं. एकही सापडलं नाही.

"भागूबाई," मी म्हटलं, "तुमचे वेल सगळे मादी आहेत."

तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे पपईवानी?"

"अगदी पपईसारखं. नर झाड वेगळं, मादी वेगळं. नराचा पराग मादीफुलाच्या शेंड्यावर पडल्याशिवाय आतली बीजं वाढत नाहीत. बीजं वाढली नाहीत तर फळही धरत नाही, गळून जातं."

ती मांडवाच्या खांबाला धरून खाली बसली. "मंग मीच केलं गं हे. गेल्या साली ज्या वेलांना फलं होती, तेवड्याचंच गड्डे हेरून आनले. वाटलं, चांगलं घ्यावं."

मादी वेलाच्या गड्ड्यातून मादी वेलच उगवतो. तिने विचार करून, निवडून, चांगलं तेच घेतलं होतं. यात मला चूक दिसेना. "रानातला कुठला नरवेल जवळ असता तरी चाललं असतं," मी म्हटलं. "रात्रीचे पतंग पराग घेऊन आले असते."

धर्मा तिथेच उभा होता. तो हळूच म्हणाला, "बांदावर एक व्हता की. दरसाल फुलायचा, फल कदीच नाय. फुकटचा वेल म्हनून म्या चैतात बांद साफ करताना गड्ड्यासकट उपटला."

त्या संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि टाकळ्याची भाजी जेवलो. आत्याला निरोप पाठवला की मी लगेच येत नाही.

तिसऱ्या दिवशी भागूबाई आणि मी नरवेल शोधायला निघालो. हा भाग वाचून कोणी जाणार असेल तर पायात काही नसलेलं बरं. माझ्या चपला पहिल्याच उतारावर हातात आल्या. पाऊस थांबून थांबून येत होता. मिटलेल्या फुलावरून नर-मादी ओळखायला मी भागूबाईला शिकवलं: मादीफुलाखाली काटेरी गोळा असतो, नरफुलाखाली नसतो. त्याऐवजी नराच्या देठावर एक पान टोपीसारखं कळीला लपेटलेलं असतं. एकदा सांगितलं, पुरे झालं. पुढे माझ्याआधी तीच सांगू लागली, "ही बाई. ही पन बाई."

दुपार टळली. करवंदीच्या जाळ्या, कुड्याची झुडपं, सगळं धुंडाळलं. मादीच सापडत होती. वाटेत दोन ठिकाणी जाळ्या तोडून ताजं नाचणीचं शेत केलं होतं. धान्य जास्त पिकवा असा हुकूम सगळीकडे निघालाय, त्यात बांध आणि जाळ्या आधी जातात. मी थकून दगडावर बसले होते तेव्हा भागूबाईची हाक आली, "ताई गं! टोपीवाला!"

पायथ्याच्या वर, एका कुड्याच्या झाडावर वेल चढला होता. प्रत्येक देठावर ती पानाची टोपी. मी एक कळी उघडली. आत पिवळे पुंकेसर होते, बोटाला पराग लागला. आम्ही दोघी हसत होतो, का ते कळत नव्हतं.

मग मी पिशवीतून खुरपं काढलं.

सरांनी मुळासकट सांगितलं होतं. मादीवेल तर मांडवावर पाहिजे तेवढे होते. नर हा एकच. मी वेलाच्या बुडाशी बसून खणायला लागले. माती मऊ होती. थोड्याच वेळात गड्ड्याची पाठ दिसली, मुठीएवढी. त्या क्षणी मला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. काम फत्ते झालं, एवढंच डोक्यात होतं.

भागूबाई बाजूला उभी होती. तिने मला अडवलं नाही. फक्त विचारलं, "ह्यो उपटला तर फुलं किती दिस राहतील?"

"आजची संध्याकाळ."

"आन् नाय उपटला तर?"

"अजून महिनाभर तरी फुलेल."

तिने पदराने तोंड पुसलं आणि खाली गावाकडे पाहत राहिली. सरळ चढलं तर घरापासून इथवर तासभराची वाट होती. रोज तासभर वर, तासभर खाली. ती मनात तेच मोजत असावी, आणि मी खुरपं हातात धरून बसले होते.

मी माती परत लोटली. दोन्ही हातांनी दाबली, वर पालापाचोळा टाकला. भागूबाई खाली बसून माझ्यासोबत दाबू लागली. फुलण्याच्या बेतात असलेल्या कळ्या आम्ही देठासकट खुडून ओल्या फडक्यात गुंडाळल्या. दोन कळ्या मी कॉलेजसाठी वेगळ्या ठेवल्या.

त्या संध्याकाळी मांडवाखाली मी तिला दाखवलं. नरफुलाच्या पाकळ्या काढायच्या, पुंकेसर उघडे करायचे, आणि मादीफुलाच्या कुक्षीवर हलकेच टेकवायचे. एक नरफूल चार-पाच मादीफुलांना पुरतं. सुरुवातीला दोन फुलं मी मोडलीच. भागूबाईचा हात असा फिरत होता जणू ती वर्षानुवर्षं हेच करत आली आहे. प्रत्येक फुलाला जुन्या लुगड्याच्या काठाचा लाल दोरा बांधला. धर्मा आधी लांबून पाहत होता. मग येऊन मांडवाचा वरचा बांबू वाकवून धरला, कारण आमचे हात पोचत नव्हते.

"आसं करूनशान फल धरतं?" त्याने विचारलं.

"बघू," मी म्हटलं. मला खात्री नव्हती. मी हे फक्त वाचलं होतं.

चौथा दिवस आणि पाचवा दिवस मी नुसती वाट पाहिली. चित्रं काढली. भागूबाई दोन्ही दिवस एकटी डोंगरावर जाऊन कळ्या घेऊन आली. मला जायचं होतं, पण पाय सोलले होते आणि तिने नेलं नाही. चौथ्याच दिवशी बिनदोऱ्याच्या, म्हणजे पराग न लावलेल्या, फुलांची अंडाशयं पिवळी पडायला लागली. दोऱ्याची तशीच होती. तशीच म्हणजे मेलेलीही नाहीत, वाढलेलीही नाहीत.

सहाव्या दिवशी सकाळी मला धर्माच्या आवाजाने जाग आली. "वैनी! ओ वैनी, भायेर या!"

दोरा बांधलेली अंडाशयं फुगली होती. सगळी नाही. पण पुष्कळ, सुपारीएवढी, हिरवी, काट्यांनी टवटवीत. भागूबाई एकेकाला बोट लावत मांडवाखालून शेवटपर्यंत गेली आणि परत आली. रडली नाही. "ताई," ती म्हणाली, "च्या घेऊन जा."

निघताना धर्मा हमरस्त्यापर्यंत सोडायला आला. वाटेत माझी पिशवी त्यानेच उचलली. मग म्हणाला, "त्या वेलाचा गड्डा कदी काडायचा?"

"वेल वाळला की. दिवाळीनंतर. तेव्हा आणून मांडवाजवळ लावा."

"म्याच आनीन," तो म्हणाला.

कॉलेजात सरांनी वाळलेली दोन नरफुलं पाहिली, चित्रं पाहिली आणि विचारलं, "नरवेलाचा गड्डा कुठे आहे?"

"जमिनीत, सर. इर्शाळच्या पायथ्याला."

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ते दयाळूपणाचं झालं, पण प्रयोगशाळेला नमुना लागतो. त्यांचंही चुकलं असं मला वाटत नाही. पुढच्या सहलीला त्यांनी दुसऱ्या डेमॉन्स्ट्रेटरला पाठवलं. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्या डोंगरावर मी पुन्हा बसले तरी माती परतच लोटीन, हेही तितकंच खरं.

महिन्याभराने आत्याचं पत्र आलं. भागूबाई दोनदा कर्जतच्या बाजारात करटोली घेऊन आली होती. कुळीथ यंदा दुसरीकडे पेरले. पट्टी तिच्याकडेच राहिली.

तुम्ही जाणार असाल तर श्रावणातच जा, आणि संध्याकाळी मांडवाखाली थांबा. मी इतकी वर्षं फुलाचे भाग पाठ करत आले. कुठल्या भागाला काय म्हणतात ते मला येत होतं. पण त्यातला एक भाग नसला तर कोणाचं काय जातं, हे मला भागूबाई तिथे खाली बसली तेव्हा पहिल्यांदा कळलं.

परवा आईने बाजारातून करटोली आणली. ती चिरायला बसली तेव्हा मी एक फळ घेऊन उभं कापलं आणि आतल्या बिया तिला दाखवल्या. म्हटलं, यातल्या प्रत्येक बीसाठी एकेक परागकण लागतो. तो कुक्षीवर पडतो, आत नळी काढतो आणि एका बीजांडापर्यंत पोचतो. इतक्या बिया, म्हणजे तितक्यांदा कोणीतरी पोचलंय.

आई विळीवरून हात काढून थोडा वेळ त्या फळाकडे पाहत राहिली.

"मग बिया टाकत नाही आज," ती म्हणाली, आणि पुढचं करटोलं जरा हळू चिरायला लागली.