दोन्ही किल्ल्या माझ्याकडे

त्या दिवसाची यादी माझ्या वहीत अजून आहे. दशम्या, पाण्याच्या दोन बाटल्या, टोप्या, गॅस खालून बंद, खिडक्या, किल्ल्या. सगळ्यांपुढे बरोबरची खूण आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही डोंबिवलीत दोन खोल्यांत राहत होतो. मी, नवरा आणि सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणायचे. सासूबाईंना विसर पडू लागला होता आणि त्या घरातून निघून जायच्या. एकदा थेट विठ्ठलवाडी स्टेशनवर सापडल्या. त्यानंतर मी वागळे इस्टेटमधली नोकरी सोडली आणि घरात बसले. दीड वर्ष मी भाजी आणायलाही निघाले, तरी बाहेरून कुलूप घालायचे आणि वीस मिनिटांत परत यायचे.

एक दिवस मी नवऱ्याला म्हटलं, "मला एक दिवस पाहिजे. कुठेही चालेल, पण लांब."

त्याने समुद्रकाठचं एक गाव शोधलं. किल्ला थेट पाण्यात, ओहोटीला चालत जाता येतं. जायच्या-यायच्या एसटीच्या वेळा मी आठ दिवस आधी लिहून आणल्या. दुपारी दोनची एसटी, घरी सहाला. कुलूप नवं घेतलं होतं. त्याची दुसरी किल्ली शेजारच्या वहिनींना द्यायची आणि त्यांनी एक वाजता आईंना जेवायला वाढायचं, असं ठरलं.

पहाटे मी चपला घालत होते, तेव्हा आई कॉटवर उठून बसल्या. त्यांचं माहेर अशाच किनाऱ्यावरचं.

"आज षष्ठी," त्या म्हणाल्या. "साडेदहाला ओहोटी संपेल. बाराच्या आत परत फिरा गं."

"हो आई," म्हणून मी कुलूप लावलं. त्याआधी पाच मिनिटं त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, बाबा अंघोळ करून आले का म्हणून. त्यांचे वडील जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

साडेदहाला आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून किल्ल्यात गेलो. तटावर वारा होता. मी कितीतरी दिवसांनी घड्याळ न बघता जेवले. नवरा तोफेच्या सावलीत आडवा झाला. एक वाजता त्याला उठवून दरवाज्याशी आलो, तर सकाळची वाट नव्हतीच. माणूस बुडेल एवढं पाणी.

दरवाज्यात एक कोळीण सुकट निवडत बसली होती. किल्ल्यातच तिचं घर होतं.

"एस्टीचा टायम बगितलास, पान्याचा नाय बगितलास?" ती म्हणाली. "बस आता. पानी भरला का चारला होडी येल."

"चारला? मावशी, आधी काहीच नाही?"

"उडी मार!" असं म्हणून ती मोठ्याने हसली.

"जाऊ दे गं," नवरा म्हणाला. "वहिनी आहेत ना. वाढलं असेल त्यांनी."

मी रुमालासाठी पर्स उघडली. आत दोन्ही किल्ल्या होत्या, एकाच तारेत, दुकानातून आणल्या तशाच. 'किल्ल्या' एवढंच मी लिहिलं होतं. घेतल्या आणि खूण केली. वहिनींना द्यायची, हे यादीत कुठेच नव्हतं.

मी किल्ल्या त्याच्यापुढे धरल्या. त्याने तार उलटून बघितली. मग म्हणाला, "घरात केळी होती ना?"

"फडताळात. वरच्या कप्प्यात. त्यांचा हात पोचू नये म्हणून."

किल्ल्यावर फोन नव्हता. तीन तास मी तटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. चौथ्या की पाचव्या फेरीला लक्षात आलं, की आईसुद्धा घरात अशाच फिरतात. दारापासून खिडकीपर्यंत आणि परत.

चारच्या होडीने उतरून बूथवरून वहिनींना फोन केला. "अहो, आम्ही कुलूप तोडायलाच निघालो होतो!" त्या म्हणाल्या. "पण तुमच्या सासूबाईच नको म्हणाल्या. ती येईल म्हणाल्या, पाणी उतरलं की."

साडेआठला पोचलो. वहिनी गॅलरीत स्टूल टाकून बसल्या होत्या, आई आत खिडकीशी. गजांतून पोळीच्या गुंडाळ्या देऊन वहिनींनी त्यांना जेवायला घातलं होतं. मी दार उघडलं, तर आई चपला घालून तयार.

"चढलं ना पाणी?" त्यांनी विचारलं. "सांगितलं होतं तुला. चल, आता मला ने."

"उद्या नेते," मी म्हटलं, त्यांच्या चपला काढून वर ठेवल्या आणि आतून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी एक किल्ली वहिनींना दिली. समुद्रावर आईंना मी कधीच नेलं नाही. पुढच्या दोन वर्षांत ते जमण्यासारखं राहिलं नाही. पण रोज सकाळी त्या तिथी विचारायच्या आणि मनाशी हिशेब करून भरतीची वेळ सांगायच्या. मी ती वहीत लिहून घ्यायचे. त्या पानांवरची एकही वेळ चुकलेली नसावी. पडताळून बघायला मात्र आम्ही दोघी कधी दाराबाहेर पडलो नाही.