ठाण्याला न्या

आमच्या सरकारी दवाखान्याच्या वॉचमनचा मला मनापासून राग येतो. अंबाडीहून आलेली अडलेली बाई असो की लूममध्ये बोटं अडकलेला कामगार, रिक्षा थांबायच्या आत हा मान हलवतो. "डॉक्टर नाय. ठाण्याला न्या." माणूस हिंदीवाला असेल तर "ठाना ले जाओ." एकदा मी चिडून म्हटलं, "अहो, निदान आत तरी येऊ द्या!" तंबाखू मळत तो म्हणाला, "आत येऊन काय बघणार? पंखे?"

यंदा निवडणुकीच्या तोंडावर डॉक्टर आले नाहीत, भलीमोठी कमान असलेलं नवं गेट आलं. तिथंच सभा झाली. "आता उपचारासाठी कुणालाही ठाण्याला जावं लागणार नाही," असं म्हणता म्हणता उमेदवाराला दरदरून घाम फुटला आणि ते मटकन खाली बसले. वॉचमननं मान हलवली नाही. त्यानं गेट सताड उघडलं आणि धावत जाऊन स्ट्रेचर आणलं. तोवर कार्यकर्त्यांनी साहेबांना गाडीत घातलं होतं. गाडी सुसाट ठाण्याकडे निघाली.

रिकामं स्ट्रेचर धरून तो माझ्याकडे वळला.

"बघा, यांना सांगायला पण नाय लागलं."